एका हाताचा टाका

“युस्टिना तांतेला आज सुई देऊ नका,” व्हर्ना हिबर्टने दारातच सगळ्यांना बजावलं. “कॉफी द्या, खुर्ची द्या, हवं तर कात्री सांभाळायला द्या. पण टाका घालू देऊ नका. ही गोधडी संग्रहालयात कायमची लागणार आहे.”

गोधडी ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीभोवती बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायका कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मान डोलावतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात.

गावाच्या वारसा दिवसाला कॅनडातल्या विनिपेग शहराहून पाहुणे लोटले होते. बाहेर जुनं मळणीयंत्र धडधडत होतं. आत व्हर्ना पाहुण्यांना सांगत होती, “शिवणाऱ्या आठ जणी, पण टाका बघा, एकाच हाताचा वाटतो. हीच आमची रीत.” तिला हे सांगायचा हक्क होता. या दिवसासाठी ती वर्षभर राबली होती, आणि सून होऊन गावात आल्यापासून तिच्या टाक्याला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात युस्टिना तांते, सगळ्या गावाची मावशी, काठी टेकत आली. नव्वदी उलटलेली, नजर जवळजवळ गेलेली, बोटं वाकडी झालेली. हेलेना केलर लगबगीने उठली. तिने म्हातारीला आपल्या शेजारी बसवलं आणि ओवलेली सुई सरळ तिच्या हातात दिली.

“हेलेना!” व्हर्ना दबक्या आवाजात ओरडली.

“अगं, शिवतेच आहे ती. फाडत नाहीये,” हेलेना म्हणाली.

म्हातारी शिवू लागली. ते टाके कसले! बर्फातून कोंबडी चालत गेल्यासारखे, एक इकडे, दुसरा पार तिकडे. ती मात्र खुशीत होती. “नीट येतंय ना गं पोरींनो?” तिने विचारलं.

“अगदी नीट, तांते!” खोटं बोलणं पाप मानणाऱ्या सात जणी एका सुरात म्हणाल्या.

व्हर्ना लांबून एकेक वाकडा टाका मोजत होती. वर्षभराच्या मेहनतीवर म्हातारी पाणी फिरवत होती, आणि पाहुण्यांसमोर काही बोलायचीही सोय नव्हती.

दुपारच्या कॉफीनंतर तांतेचा नातू तिला घरी घेऊन गेला. पाहुणेही पांगू लागले. एरवी व्हर्ना या वेळी फाटकाशी उभी राहून त्यांना निरोप देत असे. आज ती तावातावाने आत आली. “झालं समाधान? आता ही गोधडी कुठल्या तोंडाने...”

बोलता बोलता तिची नजर चौकटीवर गेली. हेलेना छोट्या कात्रीने तांतेचा एकेक टाका अलगद उसवत होती. शेजारची त्याच जागी बारीक टाका घालत होती. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. कुणाच्या नातवाला दात आले, यावर गप्पा चालल्या होत्या.

व्हर्नाचा राग कुठल्या कुठे गेला. तिला स्वतःची लाज वाटली आणि या बायकांचं मनापासून कौतुक वाटलं. एवढी वर्षं आपण वारसा म्हणून घड्याळं आणि नांगर मांडत बसलो, आणि खरी गोष्ट आपल्याच पाठीमागे चालली होती!

“हे पाहुण्यांना दाखवायला हवं,” ती म्हणाली.

“दाखवलंस तर तांतेच्या कानावर जाईल. गप बस आणि उसव,” हेलेनाने फटकारलं.

व्हर्नाने खुर्ची ओढली, कात्री घेतली. दोन-चार टाके उसवून झाल्यावर तिने विचारलं, “पण ही रीत पाडली कुणी?”

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. हेलेनाने दोरा दातांनी तोडला.

“युस्टिना तांतेनंच. तू नवी सून होऊन आलीस ना, त्या हिवाळ्यात. तुझा हात बसेपर्यंत तुझे टाके उसवून पुन्हा घालायला ती एकटीच मागे थांबायची.”