वळणावरचा पेरूवाला

गुरुबसप्पाचा फोन वाजला, तसा तळ्याकाठी रज्जाकनं घोड्याचा लगाम खेचला.

म्हातारा फोनवर नुसतं "हूं" म्हणाला आणि पेरूची हातगाडी ढकलत, कुणाकडं न बघता, किल्ल्याच्या भिंतीलगत वळणाकडं निघाला.

"अजी, बुढ्ढा फिर उठ्या," मदिनाबी भेळेच्या गाडीमागून नवऱ्याला, रज्जाकला, हळूच म्हणाली.

थोड्या वेळानं चिंचेच्या फांद्यांवरून अतिक्रमणवाल्यांच्या ट्रकचं निळं टप दिसलं. रज्जाकनं घोड्यावरूनच खांद्यावरचा लाल रुमाल झटकला. तळ्याकाठची ही ठरलेली खूण. जोंधळ्यावरची पाखरं उडावीत तशी भेळ, फुगे, गजरे, सगळी रांग गल्लीबोळांत पांगली. ट्रक पोचला तेव्हा काठावर नुसतं ऊन बसलेलं होतं.

"रज्जाकभाई, तुमची नजर हाय म्हणून आमची चूल हाय," मथुराबाई गजरेवाली म्हणाली.

रज्जाकला ते गोड लागलं. पण आज त्यानं आणखी काही पाहिलं होतं. ट्रक वळणावर बराच वेळ थांबला होता. फांद्यांआड खालचं दिसत नव्हतं. दिसला तो ड्रायव्हरच्या खिडकीशी गुरुबसप्पाचा पांढरा पटका, आणि हात हलवून चाललेलं त्याचं बोलणं.

म्हातारा दुधनीचा. थंडी लागताना आला. अक्कलकोटहून परतणारे यात्रेकरू तळ्याकाठी उतरायचे, त्यांना पेरू विकायचा. रांगेत जागा दिली तरी टोकाला एकटा उभा राहायचा. आणि चौकशा किती! "ट्रक कुटल्या रस्त्यानं येतो? तुमाला आवराय किती येळ लागतो?" फळवाल्याला हे कशाला हवं?

"घरभेदी हाय," मथुराबाई म्हणाली. "पेरू गोड, पण बी किडकं."

रज्जाकला रात्री झोप लागेना. घोडा थकला होता. पोरं त्याच्यावर फोटोपुरती बसायची. घर चालायचं मदिनाबीच्या गाडीवर. ती एकदा ट्रकात चढली की दुसरी होणार नव्हती.

सकाळी त्यानं म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत अडवलं.

"अप्पा, वळणावर काय बोलत होता?"

गुरुबसप्पानं आजूबाजूला पाहिलं. चहावाला, रिक्षावाले, येणारेजाणारे. "जरा बाजूला ये की. कानात सांगतो."

"कानात सांगायची खोड तिकडंच ठेवा. हितं मोठ्यानं बोला."

"मोठ्यानं सांगायजोगं न्हाय बाबा."

"मग गाडी उचला. उद्यापासून हितं दिसायचं न्हाय."

मथुराबाईनं बोटं मोडली. गाडीवरचा एक पिकला पेरू म्हाताऱ्यानं घोड्यापुढं धरला. घोड्यानं खाल्ला. मग म्हातारा गाडी ढकलत अशा संथ चालीनं गेला, की मदिनाबी उगाच पदराशी चाळा करत राहिली.

"गुनागार था, तो गर्दन झुकाया कैकू नै?" ती म्हणाली.

"चूप बैठ."

दोन दिवस काठावर सुख होतं. रज्जाकनं रांग पुढं सरकवली, टोकाची जागा भरून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहलीची बस आली, गिऱ्हाईक दाटलं. रज्जाक वळणावर डोळे रोवून होता. निळं टप दिसलं. त्याचा हात रुमालाकडं गेला. पण ट्रक थांबला नाही. रुमाल खांद्यावरून निघेपर्यंत तो तळ्याशी येऊन उभाही राहिला.

गजऱ्यांची पाटी गेली. फुग्यांची काठी गेली. मदिनाबीनं गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. माणसांनी गाडी उचलली, तेव्हा ती काही अंतर तिच्याबरोबर फरफटत गेली.

रज्जाक घोड्यावरून उडी टाकून ट्रकच्या तोंडाशी धावला. "साहेब, तेवढी एक सोडा!"

ड्रायव्हर तरणा होता. त्यानं मागं सामान चढवणाऱ्यांकडं पाहिलं, काच खाली केली आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"मामाला घालवलंत म्हणं तुमी? मी निघताना फोन केला, तर ते दुधनीत. वळणावर त्यांची हातगाडी आडवी नसली, तर मी ट्रक थांबवायचा तरी कसा?"