खुर्चीचे वजन

भंगारातून आणलेल्या लढाऊ विमानाच्या खुर्चीवरचा क्रमांक झिजला होता, म्हणून ओळख पटवायला त्याने ती वजनकाट्यावर ठेवली. माहितीपुस्तकात बावीस किलो लिहिले होते. काटा त्र्याण्णववर थांबला.

"भाऊजी, ह्यांचीच आहे का हो ती?" वहिनींनी दारातून विचारले. दादा विमानासकट नाहीसा झाल्यापासून, एकोणीस वर्षे, त्याने आणलेल्या प्रत्येक खुर्चीपाशी त्या हेच विचारत.

"काट्याचं वय झालंय वहिनी, माझ्यासारखंच."

पण मघाशी खुर्ची त्याने एकट्यानेच सहज उचलली होती. आता तिचे पट्टे, कुणाला आवळून धरल्यासारखे, ताठ झाले होते.

जीव मुठीत धरून त्याने पट्ट्यांची कडी उघडली. पट्टे गळून पडले. काटा सावकाश बावीसवर उतरला.

दारातल्या वहिनी, कुणाला तरी वाट द्यावी तशा, नकळत बाजूला सरल्या.