जुमानाचा पारा

पाळी जवळ आली की जुमानाचा पारा असा चढायचा, की नवरा कॉफीचा कप घेऊन गुपचूप गच्चीवर जाऊन बसायचा. आज सकाळी तिने जनरेटरवाल्या अबू वदीअला भर रस्त्यात असं फैलावर घेतलं, की आठवडाभर अंधारात असलेल्या त्यांच्या बैरूतच्या इमारतीत दुपारपर्यंत दिवे लागले.

पण जुमाना मात्र शरमेने चूर झाली. रडवेली होऊन तिने सहाव्या मजल्यावरच्या मानसोपचार डॉक्टर हनादीचं दार गाठलं.

“डॉक्टर, मला शांत करा हो. दर महिन्याला मी अशी कुणावर तरी तुटून पडते.”

हनादीने डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे डोळे भरून पाहिलं.

“करू या की, हबीबती. फक्त पारा उतरायच्या आत तेवढं पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलून ये.”