घाटातला रेक्टिफायर

इंदुमती आंबोली घाटात पोहोचली तेव्हा तिच्या कृत्रिम हृदयात वीस मिनिटांची वीज उरली होती. ते तिच्या मोटारसायकलच्या विजेवर चार्ज व्हायचं, पण आज गाडी चालू असूनही छातीवरचा दिवा लालच होता. मागून मोटारसायकलवरून येणारे दस्तगीर नावाचे मेकॅनिक थांबले. त्यांनी बॅटरीला मीटर लावून रेस दिली. काटा बारा व्होल्टवरून हलेना; हृदय चार्ज व्हायला चौदा लागायचे.

"बॅटरी चांगली आहे, ताई. इंजिनाची वीज बॅटरीपर्यंत नेणारा रेक्टिफायर जळालाय."

त्यांनी स्वतःच्या गाडीचा रेक्टिफायर काढून तिच्या गाडीला बसवला. काटा चौदावर गेला, दिवा हिरवा झाला. इंदुमतीचे डोळे भरून आले.

"आता तुमची गाडी?"

"राहू दे इथंच. उद्या नेईन."

"मग मागं बसा, दादा. तुम्हाला घरी सोडल्याशिवाय मी पुढं जायची नाही."