लाव्ह्याची नदी

निमोण्याच्या बाजाराच्या तोंडाशी सातवीतल्या गौतमीनं मोबाइलमधला गेम जमिनीवर उतरवला होता. गेरूनं रंगवलेली लाव्ह्याची नदी, तीत मांडलेल्या विटा आणि पलीकडं खजिन्याची घागर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विटांवरून नदी ओलांडायची. पाय गेरूत पडला की शिट्टी, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी.

माजी सरपंच पोपटराव हौसेनं उतरले आणि घसरले. शिट्टी वाजली.

"आप्पा, गेम ओव्हर. रांगेत या."

"मला रांगेत लावती व्हय गं? गुंडाळ तुझा पसारा!"

रांगेतली माणसं पांगू लागली. पोपटरावांना एकेकाळी शाळेत आणि आता गौतमीला घरच्या ओट्यावर शिकवणारे मच्छिंद्र गुरुजी बाजूलाच उभे होते. तिची बाजू घेणारे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, धोतर सावरलं आणि ते विटांवर चढले. दुसऱ्याच विटेवरून त्यांचा पाय गेरूत पडला.

सगळे गौतमीकडं बघू लागले. तिनं शिट्टी फुंकली.

"अगं, गुरुजींना तरी सोड की!" कुणीतरी ओरडलं.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मुद्दाम टाकला ना पाय?"

"मग?"

"तरी बादच."

गुरुजी छाती पुढं काढून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मागं कुणीतरी खाकरलं.

"सरका की जरा पुढं, गुरुजी," पोपटराव म्हणाले.