तबल्यापर्यंत

“थांबवा, थांबवा!” मोरूअण्णा खेकसले.

हरी गुरुजींनी सुई उचलली. सतार पंधरा सेकंद वाजली होती. गेल्या रविवारच्या मानाने बरीच.

“डावा स्पीकर गढूळ आहे,” मोरूअण्णांनी निदान केलं. त्यांचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे निदानाची सवय होती.

“उजवा,” बिरवाडीच्या कारखान्यातला इंजिनिअर गंधार म्हणाला. “डावा उत्तम आहे. गेलाय तो तुमचा डावा कान.”

महाडच्या त्या बैठकीच्या खोलीत तीन महिने हेच चाललं होतं. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी आयुष्यभराची हौस पुरी केली. रेकॉर्ड प्लेअर आणला, अ‍ॅम्प्लिफायर आणला, कमरेएवढे दोन स्पीकर आणले. मग एक चूक केली. चार जाणकारांना ऐकायला बोलावलं. दोघे चहा पिऊन गेले ते गेलेच. हे दोघे राहिले.

मोरूअण्णांच्या सांगण्यावरून स्पीकरखाली जांभ्याचे चिरे आले. गंधारच्या सांगण्यावरून चिरे गेले, कडाप्पा आला. लाल भुकटी मात्र अजून झाडूत येत होती. वायर तीनदा बदलली. भिंतींना गोधड्या लागल्या. लोखंडी कपाट आवाज घुमवतं म्हणून ते स्वयंपाकघरात गेलं, आणि तेव्हापासून गुरुजींच्या पत्नी चारुशीलाबाई ओट्याशी तिरक्या उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या.

“परवा आपल्या शुभदाच्या सासूबाई आल्या होत्या,” त्या आतून म्हणाल्या. “भिंतीवरच्या गोधड्या बघून विचारत होत्या, घरात कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं.”

हल्ली एकटे असतानाही गुरुजींना रेकॉर्ड ऐकवत नसे. पंधराव्या सेकंदाला हात आपोआप सुईकडे जाई. पूर्वी रेडिओ ऐकता ऐकता डोळे मिटून घेणारा हा माणूस आता पंखा सुरू झाला तरी तो डावीकडून जास्त वाजतो की उजवीकडून, याचा विचार करत बसे. शेवटी त्यांनी पोलादपूरकडच्या हैबतीला निरोप धाडला होता : वापरलेला सेट विकायचा आहे, रविवारी जीप घेऊन ये.

हैबती त्यांचा जुना विद्यार्थी. शेती सांभाळून फणसाच्या फळ्यांचे स्पीकर घरीच बनवायचा. तो आला, चपला बाहेर काढल्या, गुरुजींच्या पाया पडला.

“बघून घे हो,” मोरूअण्णा म्हणाले. “नंतर म्हणशील, सांगितलं नाही. डावा गढूळ आहे.”

“उजवा,” गंधार म्हणाला.

“असंल,” हैबती हसला. “गुरुजी, एकदा ऐकू का?”

त्याने रेकॉर्ड हातात घेऊन उजेडात तिरकी धरली. कडेची दोऱ्याएवढी पट्टी घासून पांढुरकी झाली होती. बाकीची काळीभोर, चकचकीत. मग त्याने ती लावली, सुई ठेवली आणि खाली मांडी घालून बसला.

पंधरा सेकंद झाले.

“हां! हे, इथंच...” मोरूअण्णा उठले.

“बसा की अण्णा,” हैबती म्हणाला. “जरा पुढं जाऊ द्या तिला.”

हे त्याने इतक्या आपुलकीने म्हटलं की अण्णांना रागावायला जागाच सापडेना. ते बसले. गंधारने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा हैबतीने त्याच्याकडे बघून खुशीत मान डोलावली. सतार छान वाजतेय, हेच याला सांगायचं असणार, अशी त्याची समजूत दिसत होती. गंधारने दोन्ही वेळा तोंड मिटलं.

आलाप वळणं घेत पुढे चालला. चारुशीलाबाई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. बाराव्या मिनिटाला ठेका सुरू झाला.

“यात तबला आहे?” गंधार दचकला.

कुणाला माहीतच नव्हतं.

गुरुजींचे डोळे मिटले होते. बोटं गुडघ्यावर हलत होती, आणि सुईपासून चांगली हातभर लांब होती.

बाजू संपली. हैबतीने सुई जागेवर ठेवली, बाहेर गेला आणि जीपवाल्याला म्हणाला, “जा तू. मोकळीच ने.”

मोरूअण्णांनी मांडीवर थाप मारली. “बघा! त्यालाही कळलं! डावाच!”

“काय रे हैबती,” गुरुजींनी विचारलं, “काय दोष निघाला?”

“दोष नाय गुरुजी,” हैबती चपला घालत म्हणाला. “निरोप होता, वापरलेला सेट विकायचा हाय. हा तर कोराच हाय.”