पूर्वपक्ष

आपल्या आवडीची थोरवी गाण्यास जीभ पुरते. दुसऱ्याच्या आवडीतील गोडी चाखण्यास मात्र मन मोठे लागते.

त्या घरात टीव्हीखालच्या फळीवर व्हिडिओ गेमच्या एकाच कन्सोलपुरती जागा होती. शेजारी सासऱ्यांचा रेडिओ; तो तर ध्रुवासारखा अढळ. नव्या सुनेने माहेरून आणलेला पांढरा कन्सोल तिथे राहणार, की मुलाचा काळा, हे ठरायचे होते. हरलेला कन्सोल नणंदेकडे जाणार होता. अडचण एवढीच, की एका कन्सोलचे खेळ दुसऱ्यावर चालत नसत.

"तुझ्या डब्यात आहे काय? मुळे लावा, मासे धरा!" मुलगा म्हणाला.

"आणि तुझ्यात? दिसला राक्षस की हाण!"

सासरे निवृत्त शिक्षक. जन्मभर त्यांनी वादसभा चालवलेल्या. "आधी पूर्वपक्ष," ते म्हणाले, "म्हणजे समोरच्याची बाजू. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत स्वतःची उघडायची नाही. एकमेकांचे खेळ खेळा आणि पुढच्या रविवारी या."

रविवारी मुलगा उभा राहिला. "हिच्या बेटावर पाऊस आला ना बाबा, की माळी कुदळ टाकून ओसरीवर गात बसतो. काहीच करायचं नसतं. असा खेळ माझ्याकडे एकही नाही. आणि... तिथली माझी होडी अर्धीच बांधून झालीये अजून."

"बरोबर," सून हळूच म्हणाली. मग ती उठली. "याच्या शेवटच्या राक्षसाला मारायचंच नसतं, बाबा. त्याचं घर आपणच मोडलेलं असतं. तलवार खाली ठेवली की तो नुसता बघत राहतो. मला तर रडूच आलं."

"मारायचं नसतं?" मुलाने आ वासला. "मी तर दर वेळी मारतोय त्याला!"

"म्हणून म्हणते, काळा ठेवा. याला अजून खेळायचाय तो."

"छे, पांढराच! होडीचं काय?"

"आता आपापली बाजू मांडा," सासऱ्यांनी आठवण करून दिली.

कोणीच उठेना.

तेव्हा सासरेच उठले. त्यांनी रेडिओ उचलला, मोकळ्या जागेवरची धूळ उपरण्याने पुसली आणि रेडिओ मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले.

त्या घरात वाद उदंड होवोत. आणि प्रत्येकाला आपली बाजू अशीच दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळो.